होकोन सातवा, पण आधीचे सहा कोण?

१८ नोव्हेंबर १९०५ रोजी डेन्मार्कच्या राजघराण्यातला तेहतीस वर्षांचा एक नौदल अधिकारी नॉर्वेचा राजा म्हणून निवडला गेला. त्याचं नाव कार्ल. गादी स्वीकारताना त्याने हे नाव टाकलं आणि होकोन हे नाव घेतलं. दोन वर्षांचा मुलगा अलेक्झांडर ओलाव झाला. बायको मॉड ही इंग्लंडच्या सातव्या एडवर्डची मुलगी. तिचं नाव तेवढं जसंच्या तसं राहिलं.

राजाने गादीवर येताना नाव बदलणं काही नवलाचं नाही. नवल आहे ते नावाला लागलेल्या आकड्याचं. हा होकोन पहिला नव्हता, सातवा होता. सहावा होकोन १३८० साली वारला होता. म्हणजे सहा आणि सात यांच्यामध्ये सव्वापाचशे वर्षांची फट. त्या फटीत नॉर्वेला राजे होते, भरपूर होते, पण ते कोपनहेगनला नाहीतर स्टॉकहोमला राहायचे. नव्या राजाने एका आकड्यात सांगून टाकलं की मधलं काहीही असो, आमची मोजणी जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते.

उच्चाराबद्दल आधीच सांगायला हवं. राजघराणं हे नाव जुन्या पद्धतीने, रोमन लिपीतले दोन ‘ए’ जोडून लिहितं, म्हणून आपल्याकडे ते ‘हाकोन’ असं वाचलं जातं. पण त्या जोडीचा उच्चार ‘ओ’कडे झुकतो. त्यासाठी डोक्यावर छोटं वर्तुळ असलेलं वेगळं अक्षर नॉर्वेच्या लेखनात अधिकृतपणे आलं १९१७ साली. राजवाड्याने मात्र जुनं वळण सोडलं नाही.

तर हे सहा जण कोण? इथे पहिली पंचाईत होते, कारण त्यांच्यापैकी कुणीही स्वतःला आकडा लावलेला नाही. मध्ययुगातला नॉर्वेचा राजा ओळखला जायचा स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि लोकांनी चिकटवलेल्या टोपणनावाने. टोपणनावं ठेवताना लोक राजा म्हणून भीड ठेवत नसत. कुबड्या इंगे, रुंदखांद्या होकोन, अनवाणी मॅग्नस, आणि ज्याला नुसतं ‘तोंड’ म्हणत तो सिगुर्ड. आकडे लावले ते फार पुढे, जुन्या याद्या समोर घेऊन बसलेल्या इतिहासकारांनी. मोजणारा आला की कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही हा निवाडाही आलाच. त्यामुळे नॉर्वेच्या राजांची यादी वाचताना आकड्यापेक्षा आकडा न मिळालेल्यांकडे आधी बघावं असं माझं मत आहे.

पहिला होकोन सरळ आहे. हाराल्ड हॉरफाग्रे, म्हणजे सुंदर केसांचा हाराल्ड, याचा हा धाकटा मुलगा. हाफर्सफ्योर्डची लढाई जिंकून हाराल्डने नॉर्वे एका सत्तेखाली आणला अशी परंपरा आहे. लढाईचं साल परंपरेने ८७२ मानतात, अभ्यासक ते पुढेमागे सरकवतात. त्या सालावर विसंबून १८७२ मध्ये हाउगेसुंडजवळ त्याचं मोठं स्मारकही उभं राहिलं. त्याच्या या मुलाला इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याने सांभाळलं, म्हणून तो ‘अ‍ॅथेलस्टनचा पाल्य’. बाप गेल्यावर तो परतला, सावत्र भाऊ एरिक ‘रक्तकुऱ्हाड’ याला त्याने हुसकावलं, आणि साधारण ९६१ साली फित्यारच्या लढाईत जखमी होऊन गेला. इंग्लंडात वाढल्यामुळे ख्रिस्ती, पण पुरला गेला जुन्या धर्माच्या रीतीने, मातीच्या टेकाडाखाली. लोक त्याला ‘चांगला होकोन’ म्हणतात.

यानंतर वीसेक वर्षं नॉर्वेवर ज्याची सत्ता चालली त्याचंही नाव होकोनच. पण तो मोजणीत नाही. तो यार्ल होता, म्हणजे सरदारांतला सर्वांत वरचा. राजा हे बिरुद त्याने कधी लावलंच नाही. ९९५ साली डुकरांच्या खुराड्याखाली लपलेला असताना त्याच्याच गुलामाने त्याचा गळा चिरला, अशी कथा आहे. सत्ता होती पण बिरुद नव्हतं, म्हणून आकडा नाही. हा नियम निदान समजण्यासारखा आहे.

पुढचा नियम मात्र कळत नाही. १०९३ साली राजा ओलाव ‘शांत’ वारला. ट्रॉन्डहाइमला नदीच्या मुखाशी ओरेथिंग नावाची सभा भरायची. थिंग म्हणजे मोकळ्या जागी भरणारी शेतकऱ्यांची आणि सरदारांची सभा. या सभेने एखाद्याला राजा ‘घ्यायचा’ असे. जुन्या भाषेतलं क्रियापद खरोखर ‘घेणं’ हेच आहे. राजा स्वतः होत नाही, लोक त्याला घेतात. त्या वर्षी ट्रॉन्डहाइमकरांनी होकोन मॅग्नसनला घेतलं. दक्षिणेत त्याचा चुलतभाऊ, तोच अनवाणी मॅग्नस, राजा झाला. होकोनने लोकांचे काही कर माफ केले, त्यामुळे तो त्या भागात लाडका. दोघांचं जमेना. युद्ध होणार असं दिसत असतानाच होकोन डोव्रेच्या डोंगरातून जाताना एका रानपक्ष्याच्या मागे लागला, आजारी पडला आणि तिथेच गेला. रीतसर घेतलेला राजा, राजाचा मुलगा, तरी यादीत त्याला आकडा नाही. ‘तोरेने वाढवलेला होकोन’ एवढीच त्याची ओळख.

याच्या उलट, यादीत ज्याला ‘होकोन दुसरा’ म्हणतात तो रुंदखांद्या होकोन. दहाव्या वर्षी एका गटाने त्याला राजा केलं आणि ११६२ साली मोल्डेजवळच्या सेक्केन बेटापाशी पंधराव्या वर्षी तो मारला गेला. यादवीतल्या अनेक राजांपैकी हा एक, आणि त्याच्या हातून काही कारभार झाला असं म्हणायला जागा नाही. तरी आकडा त्याला मिळाला, तोरेच्या होकोनला नाही. माझ्या हातात असतं तर मी उलट केलं असतं. तरी १९०५ सालचा राजा सातवाच राहिला असता. दोघांनाही मोजलं असतं तर आठवा, दोघांनाही न मोजता सहावा.

यादवी म्हणजे काय हे कळल्याशिवाय हे आकडे पटत नाहीत. ११३० ते १२४० या एकशे दहा वर्षांत नॉर्वेत एका वेळी दोन दोन, कधी तीन राजे असत. कारण साधं होतं. राजाचा कुठलाही मुलगा, औरस असो वा अनौरस, गादीवर हक्क सांगू शकत होता. भाऊ एकत्र राज्य करू शकत होते आणि सुरुवातीला करतही. अकराशे तीनमध्ये अनवाणी मॅग्नसचे तीन मुलगे एकदम राजे झाले आणि एकमेकांच्या जिवावर उठले नाहीत. त्यातला सिगुर्ड जेरुसलेमपर्यंत जाऊन आला. पण ‘कुठलाही मुलगा’ म्हटलं की पुरावा काय, हा प्रश्न येतो. बाप तर मेलेला. मग उरतं दिव्य. आपल्या जुन्या निवाड्यांत दिव्य करायचे, तसंच हे.

आयर्लंडहून एक माणूस आला आणि म्हणाला, मी अनवाणी मॅग्नसचा मुलगा. नॉर्स भाषा त्याला धड बोलता येत नव्हती. त्याचं नाव गिलेक्रिस्ट, म्हणजे ‘ख्रिस्ताचा सेवक’ अशा अर्थाचं आयरिश नाव. नॉर्वेत त्याचा हाराल्ड गिले झाला. हा बदल नीट बघण्यासारखा आहे. तिथे मुलाला बहुधा मेलेल्या आजोबाचं किंवा नातलगाचं नाव ठेवत, त्यामुळे नाव म्हणजे अर्धा दावाच असे. हाराल्ड म्हणवून घेणारा माणूस नुसतं नाव सांगत नसतो, घराणं सांगत असतो. सिगुर्डने त्याला दिव्य करायला लावलं. नांगराचे नऊ तापलेले फाळ ओळीने मांडले, दोन बिशपांनी दोन्हीकडून धरून त्याला अनवाणी त्यावरून चालवलं, आणि तीन दिवसांनी पाय पाहिले. पाय भाजलेले नव्हते, असं सागा, म्हणजे तिथल्या राजांच्या जुन्या गद्य कथा, सांगतात. सिगुर्डने मान्य केलं, पण मी आणि माझा मुलगा मॅग्नस जिवंत असेपर्यंत गादी मागायची नाही, या अटीवर. ११३० मध्ये सिगुर्ड गेला. अट तेव्हाच मोडली. पाच वर्षांत मॅग्नसचे डोळे काढले गेले, त्याला खच्ची केलं गेलं, एक पाय तोडला गेला आणि मठात टाकलं गेलं. यादीत तो ‘मॅग्नस चौथा, आंधळा’ आहे, आणि हाराल्ड गिले ‘हाराल्ड चौथा’. दोघांनाही चार. पुढच्याच वर्षी हाराल्डलाही मारलं, आणि मारणारा होता आणखी एक सिगुर्ड, जो स्वतःला अनवाणी मॅग्नसचाच मुलगा म्हणवत होता.

हाराल्डवरून हाराल्डांचं बघून घेऊ. पहिला सुंदर केसांचा. दुसरा ‘करडी कातडी’ म्हणून ओळखला जाणारा त्याचा नातू. तिसरा हाराल्ड हार्डरोडे, बायझंटियमच्या सम्राटाच्या पदरी लढून पैसा गाठीला बांधून आलेला, २५ सप्टेंबर १०६६ रोजी इंग्लंडात स्टॅमफर्ड ब्रिजला पडलेला. चौथा गिले. पाचवा सध्याचा, १९९१ पासून. यात एक हाराल्ड गाळलेला आहे, आणि त्याचं नाव आपण रोज घेतो. डेन्मार्कचा हाराल्ड ब्लूटूथ. फोन आणि हेडफोन जोडणाऱ्या तंत्राला त्याचंच नाव दिलं आहे, आणि त्या चिन्हात त्याच्या नावाची दोन रून, म्हणजे उत्तरेतल्या जुन्या लिपीतली, अक्षरं एकत्र केलेली आहेत. डेन्मार्कमधल्या येलिंगच्या शिळेवर त्याने कोरवून ठेवलं आहे की त्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे स्वतःसाठी जिंकला. दहाव्या शतकात नॉर्वेवर त्याचा वरचष्मा होताही, वर सांगितलेला यार्ल होकोन सुरुवातीला त्याच्याच हाताखालचा. तरी नॉर्वेच्या मोजणीत त्याला जागा नाही. दगडात कोरलेला दावाही मोजणाऱ्याच्या हातात असतो तो असा.

मॅग्नस हे नाव तर राजघराण्यात जवळजवळ चुकून आलं. ओलाव हाराल्डसनला, जो पुढे संत ओलाव झाला, रात्री मुलगा झाला. बाळ इतकं अशक्त की वाचणार नाही असं वाटलं. बाप्तिस्मा घाईने करायला हवा होता, पण झोपलेल्या राजाला उठवायची कुणाची छाती होईना. दरबारी कवी सिगवात याने शार्लमेन, म्हणजे कारोलस मॅग्नस, याच्यावरून ‘मॅग्नस’ ठेवून टाकलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ नुसता ‘थोर’. घराण्यात नसलेलं नाव ठेवलं म्हणून राजा चिडला, असं सागात आहे. पुढे या नावाचे सात राजे झाले.

याच ओलावला मोजणीत दुसरा म्हणतात. २९ जुलै १०३० रोजी स्टिक्लेस्टाडच्या लढाईत तो आपल्याच शेतकऱ्यांच्या आणि सरदारांच्या फौजेकडून मारला गेला आणि वर्षभरात संत ठरला. पुढे त्याला ‘नॉर्वेचा चिरंतन राजा’ म्हणू लागले. त्याची कुऱ्हाड आजही नॉर्वेच्या राजचिन्हातल्या सिंहाच्या पंजात आहे. राजा चिरंतन असेल तर बाकीच्यांना मोजायचं कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. पहिला ओलाव म्हणजे ओलाव ट्रिग्वसन, १००० साली स्वोल्डरच्या समुद्रात गेलेला. तिसरा ओलाव शांत. मग अकराशे तीनच्या त्या तीन भावांतला सर्वांत धाकटा ओलाव हा चौथा व्हायला हवा होता. तो बारा वर्षं राजा होता, पण लहानपणी गादीवर बसला आणि विशीच्या आत, १११५ साली वारला. त्याला आकडा नाही.

आता पुन्हा होकोनांकडे. तिसरा होकोन हा स्वेरेचा मुलगा. स्वेरे फॅरो बेटांवरून आला, राजाचा मुलगा असल्याचं सांगत बिर्केबाइनर नावाच्या फाटक्या टोळीचा पुढारी झाला. पायाला बर्च झाडाची साल गुंडाळतात म्हणून लोकांनी त्या टोळीला हिणवून दिलेलं ते नाव. ११८४ साली सोग्नच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, फिम्राइटला त्याने राजा मॅग्नस एर्लिंगसनला संपवलं. हा मॅग्नस स्कॅन्डिनेव्हियात चर्चच्या हातून राज्याभिषेक झालेला पहिला राजा. पाच वर्षांचा असताना तो राजा झाला, आणि हक्क आईकडून आलेला असल्याने तो भक्कम करायला मुकुट लागला. स्वेरेला आकडा नाही, पण त्याचं कारण वेगळं. त्या नावाचा दुसरा राजा झालाच नाही. एकटा असेल तर पहिला म्हणायची गरज पडत नाही.

होकोन तिसरा दोन वर्षंही टिकला नाही. जानेवारी १२०४ मध्ये तो अचानक गेला, आणि विष घातल्याचा संशय सावत्र आईवर आला. त्याच्या मागे वार्टाइगची इंगा गरोदर होती. मुलगा झाला, आणि मेलेल्या बापाचंच नाव त्याला मिळालं. हाच होकोन चौथा. विरोधी गटाचा मुलूख जवळ, मूल दोन वर्षांचंही नाही. १२०६ च्या हिवाळ्यात दोन बिर्केबाइनर त्याला छातीशी घेऊन स्कीवरून डोंगर ओलांडून गेले. आजही या वाटेच्या आठवणीत रेनाहून लिलेहामरला ५४ किलोमीटरची स्की शर्यत होते आणि स्पर्धकाला पाठीवर निदान साडेतीन किलोचं ओझं घ्यावं लागतं, त्या बाळाच्या वजनाचं म्हणून. तेव्हाचं बाळ बरंच जड असणार, पण शर्यतीला एवढं पुरे.

१२१७ मध्ये त्याला राजा म्हणून घेतलं, तरी तो खरंच होकोन तिसऱ्याचा मुलगा का, ही कुजबुज थांबेना. पुढच्या वर्षी बर्गनमध्ये आई इंगाने दिव्य केलं. तापलेलं लोखंड हातात धरून चालायचं, मग हात बांधायचा, मोहोर लावायची, काही दिवसांनी सोडून बघायचं. जखम स्वच्छ असेल तर खरं, चिघळली तर खोटं. हात स्वच्छ निघाला. राजाच्या हक्काचा पुरावा बाईच्या तळहातावर. तरी शेवटचा प्रतिस्पर्धी, त्याचा सासरा स्कुले, १२४० पर्यंत हटला नाही. तो मारला गेला तेव्हा यादवी संपली. २९ जुलै १२४७ रोजी, संत ओलावच्या दिवशी, पोपचा दूत कार्डिनल विल्यम याने बर्गनमध्ये होकोनच्या डोक्यावर मुकुट ठेवला. अनौरस मुलाला मुकुट द्यायचा तर पोपची खास परवानगी लागे, ती आधी मिळवावी लागली होती.

यानेही एक होकोन मोजणीबाहेर ठेवला, स्वतःचाच मुलगा. गादीचा वाद पुन्हा होऊ नये म्हणून बापाने १२४० मध्ये त्यालाही राजा केलं. तो १२५७ साली बापाच्या आधी गेला. ‘तरुण होकोन’ म्हणून तो ओळखला जातो. त्याचा भाऊ मॅग्नस सहावा, ज्याने १२७४ मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा केला. त्याला लोक ‘कायदा सुधारणारा’ म्हणतात, आणि मला हे नॉर्वेच्या राजांना मिळालेलं सर्वांत चांगलं टोपणनाव वाटतं. मॅग्नसचा मुलगा होकोन पाचवा ऑस्लोत राहिला, त्याच्याच काळात आकेर्सहुस किल्ला उभा राहू लागला. त्याला मुलगा नव्हता. १३१९ मध्ये मुलीचा मुलगा, तीन वर्षांचा मॅग्नस, नॉर्वे आणि स्वीडन दोन्हींचा राजा झाला. त्याचा धाकटा मुलगा होकोन सहावा. त्याचं लग्न डेन्मार्कच्या दहा वर्षांच्या मार्ग्रेटशी १३६३ मध्ये झालं. त्यांचा एकुलता एक मुलगा ओलाव.

आता १९०५ पुन्हा बघा. होकोन आणि त्याचा मुलगा ओलाव, ही जोडी १३८७ मध्ये तुटली होती. होकोन सातवा आणि त्याचा मुलगा ओलाव, हीच जोडी पुन्हा मांडली गेली, फक्त या वेळी बायकोऐवजी राजाच डेन्मार्कचा. मुलाचं नाव बदलण्याचं कारण इथे आहे. एकट्या ‘होकोन सातवा’ने काम अर्धंच झालं असतं.

हा सोळा वर्षांचा ओलाव मोजणीतला शेवटचा मोठा घोटाळा घेऊन येतो. डेन्मार्कच्या यादीत तो ओलुफ दुसरा, नॉर्वेच्या यादीत ओलाव चौथा. मुलगा एकच, मुकुट दोन, आकडे दोन. ३ ऑगस्ट १३८७ ला फाल्स्टरबोला तो गेला. पंधरा वर्षांनी प्रशियात एक माणूस उगवला, मीच ओलाव म्हणत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसाच हा उत्तरेतला तोतया. मार्ग्रेटने त्याला समोर आणवलं. लोककथा अशी की तिला पोटच्या मुलाची खूण माहीत होती आणि ती या माणसाच्या अंगावर नव्हती. १४०२ मध्ये त्याला जाळलं. मार्ग्रेटने नंतर तिन्ही देश एकत्र आणले, १३९७ मध्ये काल्मारला तिच्या बहिणीच्या नातवाला मुकुट घातला, आणि मरेपर्यंत सत्ता स्वतःच्या हाती ठेवली. नॉर्वेच्या राजांच्या मोजणीत तिला आकडा नाही.

तो नातू एरिक. नॉर्वेत एरिक तिसरा, डेन्मार्कमध्ये सातवा, स्वीडनमध्ये तेरावा. तेरा कुठून आले? सोळाव्या शतकात योहानेस मॅग्नस नावाच्या स्वीडिश आर्चबिशपने स्वीडनचा जुना इतिहास लिहिताना कधीच न झालेले राजे त्यात भरले. त्याच्या हिशेबावर विश्वासून स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याच्या मुलाने स्वतःला चौदावा एरिक म्हणवून घेतलं. मागचे आकडे त्याच्या मागे ओढले गेले. कार्ल नावाचीही तीच गत, तिथे सहा कार्ल कल्पनेतले. म्हणून स्वीडनचा तेरावा कार्ल १८१४ मध्ये नॉर्वेचाही राजा झाला तेव्हा नॉर्वेच्या यादीत तो कार्ल दुसरा. पहिला कार्ल कोण, तर १४४९ मध्ये ट्रॉन्डहाइमला मुकुट घेऊन वर्षभरात नॉर्वे गमावलेला स्वीडनचा राजा कार्ल क्नुटसन. ऑस्लोचा मुख्य रस्ता ज्याच्या नावाचा आहे तो कार्ल योहान स्वीडनमध्ये चौदावा, नॉर्वेत तिसरा.

डेन्मार्कच्या राजवटीतला हिशेब मात्र सोपा. ख्रिस्तियान पहिला १४५० मध्ये दोन्ही देशांत पहिलाच होता, त्यामुळे पुढचे ख्रिस्तियान आणि फ्रेडरिक दोन्हीकडे एकाच आकड्याचे. बंगालमधल्या श्रीरामपूरला डॅनिश लोक ज्याच्यावरून फ्रेडरिक्सनगर म्हणत, तो पाचवा फ्रेडरिक नॉर्वेचाही पाचवा. सोपा हिशेब फुकट मिळाला नव्हता. १५३७ मध्ये नॉर्वेची राजपरिषद संपवली गेली, आर्चबिशप पळून गेला. १६६० नंतर राजा निवडायचाही प्रश्न उरला नाही, गादी वंशपरंपरेने जाऊ लागली. देशाने घ्यायचा राजा संपला, देशाला मिळालेला राजा सुरू झाला.

१७ मे १८१४ रोजी आइड्सव्होलला ११२ प्रतिनिधींनी राज्यघटना केली आणि त्याच दिवशी डॅनिश राजपुत्र ख्रिस्तियान फ्रेडरिकला राजा निवडलं. त्याच्या आधी ख्रिस्तियान सातवा होऊन गेला होता, त्यामुळे हा आठवा. पण नॉर्वेत तो बिनआकड्याचा ‘ख्रिस्तियान फ्रेडरिक’ राहिला. ऑक्टोबरमध्ये त्याला गादी सोडावी लागली. पंचवीस वर्षांनी तो डेन्मार्कचा राजा झाला, तेव्हा आठवा झाला.

१९०५ मध्ये कार्ल हे नाव चाललं नसतं हे आता कळेल. ज्या स्वीडनशी ७ जूनला काडीमोड झाला होता तिथले कार्ल अजून लोकांच्या आठवणीत होते. शिवाय या राजपुत्राने एक हट्ट धरला होता. संसदेने बोलावलं एवढं त्याला पुरेसं वाटेना, लोकांचं मत घ्या म्हणाला. १२ आणि १३ नोव्हेंबरला मतदान झालं. त्याच्या बाजूने २,५९,५६३, विरोधात ६९,२६४. मग तो आला. ओरेथिंगवर जे सभेत होत असे ते आता मतपेटीत झालं. २२ जून १९०६ ला ट्रॉन्डहाइमच्या कॅथीड्रलमध्ये त्याला मुकुट घातला, आणि १९०८ मध्ये राज्यघटनेतून राज्याभिषेकाचं कलमच काढून टाकलं. त्यानंतर नॉर्वेच्या कुठल्याही राजाच्या डोक्यावर मुकुट चढलेला नाही. १९५८ मध्ये ओलाव पाचव्याने आणि १९९१ मध्ये हाराल्ड पाचव्याने त्याच कॅथीड्रलमध्ये फक्त आशीर्वाद घेतला.

आकडा खऱ्या अर्थाने लोकांचा झाला तो १९४० मध्ये. ९ एप्रिलला जर्मन फौजा उतरल्या. नॉर्वेतला नाझीधार्जिणा पुढारी क्विसलिंग याला पंतप्रधान नेमा, ही मागणी घेऊन दुसऱ्या दिवशी जर्मन दूत राजाला एल्वेरूमला भेटला. होकोनने मंत्रिमंडळाला सांगितलं, तुम्हाला मान्य करायचं असेल तर करा, मग मी गादी सोडतो. मंत्रिमंडळाने नकार दिला. ११ तारखेला राजा असलेल्या नीबर्गसुंड गावावर बॉम्ब पडले. ७ जूनला तो ब्रिटिश जहाजाने ट्रॉम्सोहून निघाला आणि लंडनला गेला. मागे राहिलेल्या लोकांनी भिंतींवर, बर्फावर एक खूण काढायला सुरुवात केली, रोमन ‘एच’ आणि त्यात गुंफलेला ७. जुनी नाणी, ज्यांवर राजाची ही मुद्रा होती, लोक कपड्याला लावून हिंडू लागले. नाझी राजवटीत ते करणं धोक्याचं होतं. दोनच चिन्हं, कोळशाने किंवा काठीने चार-पाच रेघांत होणारी. नावाची अक्षरं सगळी लिहावी लागली असती तर ते इतकं पसरलं नसतं. पाच वर्षांनी, ७ जून १९४५ ला, तो परत आला.

होकोन सातवा १९५७ साली गेला, ओलाव पाचवा १९९१ साली. हाराल्ड पाचवा १९३७ मध्ये नॉर्वेतच जन्मला. त्याच्या आधी गादीचा वारस नॉर्वेच्या मातीवर जन्मला होता तो ५६७ वर्षांपूर्वी, तो तोतया ज्याचं नाव सांगत आला होता तोच ओलाव. पुढचा वारस पुन्हा होकोन. तो हेच नाव घेऊन गादीवर बसला तर आठवा.

त्याच्या धाकट्या मुलाचं नाव स्वेरे मॅग्नस. फिम्राइटच्या फ्योर्डमध्ये एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघे एकाच मुलाच्या नावात शेजारी बसले आहेत. पण वारसाहक्क आधी थोरल्या मुलीचा, इंग्रिड अलेक्झांड्राचा. १९९० च्या घटनादुरुस्तीनंतर जन्मलेल्यांत मुलगा-मुलगी भेद नाही, थोरलं अपत्य पुढे. ती २००४ मध्ये जन्मली. नॉर्वेच्या इतिहासात इंग्रिड नावाची राणी होऊन गेली, हाराल्ड गिलेची बायको, कुबड्या इंगेची आई. पण राज्य करणाऱ्यांच्या मोजणीत इंग्रिड एकही नाही. म्हणजे तिलाही स्वेरेसारखाच आकडा लागणार नाही.